निरोप ज्याचा त्याचा

घरातलं माणूस गेलं की पहिले चार-पाच तास नुसते निर्णयांचे असतात. डॉक्टरांचा दाखला आणायचा, स्मशानाचा पास काढायचा, कुणाकुणाला फोन करायचे, मुंबईहून निघालेल्या लेकीसाठी थांबायचं की नाही, गुरुजी घरचे की घाटावरचे, लाकडं की विद्युतदाहिनी. दारात जमलेल्यांपैकी कुणीतरी हलक्या आवाजात विचारतं, "किती वाजता काढायचं?" या सगळ्या प्रश्नांत गेलेल्या माणसाविषयी एकही प्रश्न नसतो. त्याला काय आवडायचं, त्यानं कधी काही बोलून ठेवलं होतं का, हे विचारायला उसंत नसते आणि घरच्यांना त्या घडीला सुचतही नाही. सामान आणायला धावणारे शेजारी, तिरडी बांधणारे हात, मडकं धरणारा मुलगा, सगळे आपापलं काम चोख करतात. संध्याकाळी आंघोळी होतात, शेजारून पिठलं-भात येतो. ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्याच्याविषयीचं पहिलं सलग वाक्य बहुधा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत वाचायला मिळतं: अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीचे होते, त्यांच्यामागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.

या वाक्यात खोटं काहीच नाही. पण नाव बदललं तर ते शेजारच्या रकान्यातल्या माणसालाही तसंच लागू पडतं. साठ-सत्तर वर्षं आपल्या तऱ्हेनं जगलेला माणूस जाताना कुणाच्याही सारखा होऊन जातो, याची खंत या पुस्तकामागे आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की हे पुस्तक अंत्यविधींच्या विरोधात नाही. सगळ्यांसाठी एकच विधी असण्यात मोठं शहाणपण आहे. ज्या दिवशी डोकं चालत नाही त्या दिवशी हातांना काय करायचं ते ठाऊक असतं. मडक्याला पाडायची छिद्रं ठरलेली, फेऱ्या ठरलेल्या, कुणी पुढं चालायचं ते ठरलेलं. त्या ठरलेपणाच्या आधारानं घर तो दिवस पार करतं. चितेपुढे सावकार आणि सालगडी यांना सारखंच वागवणारी ही रीत मला आदराची वाटते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की विधी सगळ्यांचा एक असू द्या, निरोप मात्र ज्याचा त्याचा असू द्या.

पाश्चात्त्य देशांत मृत्यू आणि दफन किंवा दहन यांच्यात कित्येकदा आठवडाभराचं अंतर असतं. तेवढ्या वेळात कुटुंब एकत्र बसतं, कुणी बोलायचं, कोणतं गाणं लावायचं ते ठरवतं. आपल्याकडे सकाळी गेलेल्या माणसाला दुपारी अग्नी दिलेला असतो. त्यामुळे तिथली पद्धत उचलून इथे आणायला गेलं की ती बसत नाही, आणि मग "आपल्यात असलं काही नसतं" म्हणून सगळेच हात झटकतात. आपली जागा वेगळी आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडताना, दहाव्याला घाटावर, तेराव्याच्या जेवणाला आणि त्याच सुमारास होणाऱ्या शोकसभेत आपल्याला हवा तेवढा अवकाश मिळतो. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशीलानंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गेलेल्या माणसाविषयी बोलायची प्रथा आहेच. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ, पुढं चाललेली भजनी मंडळी, टाळ-मृदंगाच्या घोषात निघालेली यात्रा पाहिली की कोण चाललं आहे हे अनोळखी माणसालाही कळतं.

आणि परंपरेनं व्यक्तीची दखलच घेतली नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा दहाव्याला घाटावर जाऊन उभं राहावं. नाशिकचा रामकुंड असो की गावाबाहेरचा नदीकाठ, पिंड मांडून होतात, गुरुजी हात जोडायला सांगतात आणि सगळे चार पावलं मागं सरतात. कावळे झाडावर असतात, पण खाली उतरत नाहीत. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मग कुजबुज सुरू होते. थोरला पुढं होऊन हात जोडतो आणि म्हणतो, "आप्पा, धाकटीच्या लग्नाचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका." तरीही कावळा येत नाही. कुणाला आठवतं, आप्पांना सकाळचा चहा लागायचा. शेजारच्या टपरीवरून कपभर चहा येतो. कुणी जिलेबीचं वेटोळं ठेवतं, कुणी विडीचं बंडल. पुतण्या चाचरत म्हणतो, "बांधावरच्या आंब्याला हात लावणार नाही म्हणून सांगा की त्यांना." भाऊ-भाऊ एकमेकांकडे बघतात, आणि वर्षभर भिजत पडलेला बांधाचा वाद तिथं, ओल्या धोतरांत, मिटतो. शेवटी कावळा शिवला तर ठीक, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववायची सोय शास्त्रानं ठेवली आहे.

कावळ्यात आत्मा येतो की नाही या वादात मला पडायचं नाही. मला त्या पंधरा-वीस मिनिटांचं मोल वाटतं. सगळं कुटुंब एकाच प्रश्नाभोवती उभं असतं: या माणसाच्या मनात काय राहिलं होतं? मंत्र सगळ्यांना सारखे, पण हा चहा, ही विडी, हा आंबा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. निरोप ज्याचा त्याचा असावा हे आपल्या लोकांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. ते घाटापुरतं राहिलं, तिथून पुढं आणायचं राहून गेलं.

महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्यभर काही एक विचार जगून दाखवला त्यांनी आपला निरोपही त्या विचाराला धरून असावा असा आग्रह धरला. आपला देह जाळू नये, मीठ घालून पुरावा, अशी जोतीराव फुल्यांची इच्छा होती. नगरपालिकेनं परवानगी नाकारली म्हणून दहन करावं लागलं. सावरकरांचे आणि जोतीरावांचे मार्ग किती वेगळे, पण आपलं दहन विद्युतदाहिनीत व्हावं, पिंड-श्राद्ध करू नये, हे सावरकरांनीही लिहून ठेवलं होतं आणि 1966 साली त्याप्रमाणे झालं. बाबा आमट्यांना 2008 मध्ये आनंदवनातच मातीत पुरलं, ज्या माळरानाची त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेती केली त्याच भूमीत. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली. त्याच दिवशी साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीशिवाय अंत्यसंस्कार झाले, अग्नी मुलीनं दिला आणि रक्षा शेतात मिसळली गेली. इतक्या आघातातही त्या कुटुंबानं त्यांचा विचार सोडला नाही.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट 7 डिसेंबर 1956 ची. नागपूरची धम्मदीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईतही दीक्षेचा सोहळा व्हायचा होता, आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब दिल्लीत गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले तेव्हा तिथं जमलेल्या हजारो लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून त्याच जागी धम्मदीक्षा घेतली. शोक करायला आलेल्या माणसांनी त्यांचं राहिलेलं काम त्यांच्या चितेसमोर पुढं नेलं. एखाद्याला यापेक्षा अधिक त्याचा असा निरोप कुणी दिल्याचं मला माहीत नाही.

पण ही झाली इतिहासातली माणसं. आपले आबा शेती करून, नोकरी करून, कर्ज फेडून गेले. त्यांच्याविषयी वेगळं काय सांगणार, असं घरच्यांना वाटतं. हे पुस्तक आबांसाठीच आहे.

यातले अनुभव मला कुटुंबांनी विश्वासानं सांगितले. नावं कुठेही दिलेली नाहीत. त्यातला एक इथे थोडा विस्तारानं सांगतो, कारण मी स्वतः तिथे बसलो होतो. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातलं गाव, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरांचा तेरावा. फोटोशेजारी हाराबरोबर त्यांची चामडी बॅग ठेवली होती, पट्टा खांद्याच्या घामानं काळा पडलेला, आणि तिच्यावर तिकिटं पंच करायचा चिमटा. दोन-तीन भाषणं झाली. मग अठरा वर्षं त्यांच्याबरोबर त्याच मुक्कामी गाडीवर असलेले ड्रायव्हर उठले. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. वाटेवरच्या एका वस्तीवरून हायस्कूलला येणारी एक मुलगी होती. ती फाट्यावर दिसली नाही तर मास्तर सिंगल बेल मारून गाडी थांबवायचे आणि पायवाटेकडे बघत मिनिटभर उभे राहायचे. ही पहिली. तालुक्याहून येताना बॅगेच्या मागच्या कप्प्यात चार-पाच जणांची औषधं असायची, चिठ्ठ्या आणि सुटे पैसे कागदात गुंडाळून, आणि एकाचीही पुडी दुसऱ्याला गेली नाही. ही दुसरी. तिसरी अशी की एकदा हिशेबात चाळीस रुपये कमी भरले, मास्तरांनी ते पगारातून दिले, आणि महिन्यानं सीटखाली नोटा सापडल्या तर त्या पुन्हा डेपोत जमा केल्या, कारण "कुणा प्रवाशाच्या पडल्या असल्या तर?"

बोलणं सात-आठ मिनिटांत आटोपलं. मांडवात मागं बसलेली एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, ती मुलगी मीच. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरच्यांना ती कोण हे माहीतच नव्हतं. कंडक्टरांच्या पत्नीनं तिला पुढं बोलावून जवळ बसवून घेतलं, आणि त्यानंतर मांडवातली माणसं एकामागून एक सांगू लागली. त्या दुपारी प्रेमळ, मनमिळाऊ हे शब्द कुणाला वापरावे लागले नाहीत.

हे घडवून आणायला खर्च काय आला? मुलानं बॅग माळ्यावरून काढली आणि वडिलांच्या ड्रायव्हरला निरोप धाडला, एवढंच. पुस्तकातल्या बहुतेक चांगल्या अनुभवांमागे असंच कुणीतरी एकानं केलेलं छोटं काम आहे. नगर जिल्ह्यातल्या एका कुटुंबातल्या आत्या घरात मूल जन्मलं की जुन्या लुगड्यांची, धोतरांची गोधडी शिवायच्या. त्यांच्या तेराव्याला भाच्यांनी सगळ्यांना आपापली गोधडी घेऊन यायला सांगितलं. पडवीत, ओसरीवर, दोरीवर गोधड्याच गोधड्या. हा तुकडा आजीच्या इरकलीचा, ही किनार काकूच्या लग्नातल्या शालूची, असं सांगता सांगता तीन पिढ्यांचा इतिहास नातवंडांनी बोटानं चाचपून पाहिला.

याउलट, काय टाळावं हेही सांगायला हवं. पुणे-नगर पट्ट्यात दशक्रिया विधीला प्रवचन असतं. ते ऐकून अनेकांना धीर येतो, ते असावं. पण त्यानंतर पदाधिकाऱ्यांच्या श्रद्धांजलीपर भाषणांची जी रांग लागते, तिनं निरोपाचा गळाच आवळला जातो. माणसाला कधी न भेटलेले लोक त्याच्यावर बोलतात आणि त्याचे सोबती मागं उभे राहतात. मान्यवरांना नम्रपणे फूल वाहायला सांगावं आणि बोलायला तीन-चार जण निवडावेत: एक घरचा, एक कामाच्या ठिकाणचा, एक लहानपणापासूनचा, आणि शक्य असेल तर एखादं नातवंड. प्रत्येकानं घडलेली एक गोष्ट सांगावी, गुणवर्णन करू नये. चौकातले फ्लेक्स, मोठाले पडदे, शेकडो फोटोंची चित्रफीत यांनी गर्दी दिसते, माणूस दिसत नाही. दहा फोटो पुरे, आणि त्यातला एक तरी कामात असतानाचा असावा. तेराव्याला त्याच्या आवडीचा पदार्थ करतोच आपण. तो त्याच्या हाताखाली शिकलेल्यानं केला तर आणखी चांगलं.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगतो. निरोपात सगळ्यात पहिला हक्क ज्यांचा, त्यांनाच आपण कोपऱ्यात बसवतो. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्या देहासमोर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, आणि मग तिला आत नेऊन बसवायचं. त्या माणसाविषयी सगळ्यात जास्त जिला ठाऊक आहे तिचा शब्द त्या तेरा दिवसांत कुणी ऐकत नाही. 1890 साली जोतीराव गेले, दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. ही वाट दाखवून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ज्या निरोपात पत्नीचा अपमान होतो तो त्या नवऱ्याचा सन्मान होऊच शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाळेबंदीच्या काळात अंत्यसंस्काराला वीसच माणसं, आणि करोनानं गेलेल्यांच्या बाबतीत तर तीही नाहीत, असे दिवस आपण काढले. कित्येकांना तोंडही पाहता आलं नाही. तेव्हा लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर शोकसभा घेतल्या. सातारा, ठाणे, दुबई, न्यू जर्सी एका चौकटीत आले आणि वर्षानुवर्षं न बोललेली भावंडं तासभर आईविषयी बोलली. देह नव्हता, विधी नव्हता, तरी निरोप झाला. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. तिथे ठरावीक वेळेची नोंदणी, मराठी न येणारी नातवंडं आणि मिळेल त्या भाषेचे गुरुजी, अशा चौकटीत बसून निरोप द्यावा लागतो, आणि काहींनी तो फार सुंदर दिला आहे.

या विषयातली खरी अडचण अशी की सगळ्यात उपयोगाचं बोलणं माणूस जिवंत असतानाच व्हायला हवं आणि आपल्याकडे ते अभद्र समजतात. पण उशीर झाला तर काही इच्छा पुऱ्याच करता येत नाहीत. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. देहदानाचा अर्ज भरून कपाटात ठेवून भागत नाही. देह वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचवायचं काम घरच्यांनाच करायचं असतं, आणि त्या घाईत एखाद्या वडीलधाऱ्यानं "असलं काही करायचं नाही" म्हटलं की अर्ज कपाटातच राहतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना, तोंडी आणि लेखी, ठाऊक असावं.

इच्छा आणि गरज यांचा संघर्षही होतो. वडील पक्के नास्तिक, आईला दहावा केल्याशिवाय चैन पडणार नाही. अशा वेळी मुलांनी काय करावं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. माझं उत्तर असं: देहाचं त्याच्या इच्छेनं करावं, मागच्या दिवसांचं राहिलेल्यांच्या गरजेनं. गेलेल्याचा त्याच्या शरीरावर अधिकार आहे. मागं उरलेल्या पत्नीच्या दुःखावर नाही. काहींना हे पटणार नाही. त्यांनी निदान हे भांडण आधीच, चहा पिता पिता, समोरासमोर भांडून घ्यावं.

वाचकांना एक विनंती. पुस्तकाच्या शेवटी काही पानं कोरी सोडली आहेत. घरातल्या मोठ्यांशेजारी बसून ती भरा. त्यांना आवडणारा अभंग किंवा गाणं कोणतं, आपल्यामागं कोणती वस्तू कुणाला द्यावी असं त्यांना वाटतं, कुणाला नक्की कळवायचं, कुणाशी बोलायचं राहून गेलं आहे, डोळे द्यायचे का, राख नदीत की शेतात. एका बैठकीत सगळं विचारू नका, माणूस घाबरतो. सणावाराला, प्रवासात, भाजी निवडताना एकेक विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि पहिलं पान मात्र स्वतःचं भरा, म्हणजे त्यांनाही बोलायला सोपं जाईल.